तळाशी कोरलेले तोळे

जुनं चांदीचं भांडं हातात आलं की आधी ते उलटं करावं. घाट आणि नक्षी नंतर बघता येतात. भांड्याची खरी नोंद असलीच तर ती तळाशी असते. इंदूरच्या जुन्या मराठी घरांतली ताम्हनं, फुलपात्रं, पानदानं, अत्तरदाण्या पालथ्या केल्या की टिपक्याटिपक्यांनी ठोकलेलं नाव दिसतं, कधी मोडीत, कधी बाळबोध लिपीत. शेजारी एखादा शक किंवा संवत्, आणि पुष्कळदा नुसताच एक आकडा. हा आकडा तोळ्यांतल्या वजनाचा.

तो तिथे का असतो हे कळलं की भांडं वाचता येऊ लागतं. पूर्वी भांडं करायला टाकायचं म्हणजे घरातले चांदीचे रुपये मोजून सोनाराच्या हवाली करायचे. इंग्रजी अमलातला रुपया १८० ग्रेनचा, म्हणजे ११.६६ ग्रॅमचा, आणि तोच एक तोळा. त्यात १९३९पर्यंत ९१.७ टक्के चांदी, बाकी तांबं. रुपये मुशीत गेले, भांडं होऊन परत आले, आणि हिशेबाची खूण म्हणून वजन तळाशी ठोकलं गेलं. होळकरांच्या मल्हारनगर टांकसाळीचा, बेलपान आणि शिवलिंगाची खूण असलेला रुपया यापेक्षा थोडा हलका भरतो. शिवाय गावोगावचे तोळेही एकसारखे नव्हते. त्यामुळे चार-पाच ग्रॅमच्या फरकावरून काही ठरवू नये. पण समजा, तळाशी ४२ तोळे कोरलेलं ताम्हन आहे, म्हणजे साधारण ४९० ग्रॅमचं, आणि आज काट्यावर ते ४६५ भरतं. दोन तोळ्यांहून जास्त चांदी गेली कुठे? ती दर दिवाळीला आणि दर महालक्ष्म्यांना राखेतून, रांगोळीतून, चिंचेच्या कोळातून मोरीत वाहून गेली.

जुन्या चांदीचं सगळ्यात मोठं नुकसान घासण्याने आणि मोडीने, म्हणजे आटवायला सराफाला देण्याने, झालं आहे, आणि ही दोन्ही कामं घरातलीच माणसं चांगल्या हेतूने करतात. म्हणून त्याबद्दल सविस्तर बोलायला हवं.

आधी मोडीचं. सराफ्यात भांडं मोडीत देताना तीन गोष्टी पाहिल्या जातात: वजन, टंच म्हणजे चांदीचा कस, आणि त्या दिवसाचा भाव. घडणावळ धरली जात नाही. कारागिराने पत्रा राळेवर बसवून मागून उठाव दिला, मग उलटून पुढून बारीक ठशांनी पानापानाची शीर काढली, त्याचे दिवस पावतीत कुठेच येत नाहीत. चांदी ९६२ अंशांना वितळते, तांबं मिसळलेली त्याहून कमी तापमानाला. मूस तापली की काही मिनिटांत लगड तयार. धातू जसाच्या तसा उरतो, नाहीसं होतं ते काम, आणि तळाचं नावही.

भाव चढला की आटणी वाढते. १९७९ साली औंसाला सहा डॉलरच्या आसपास असलेली चांदी अमेरिकेतल्या हंट बंधूंच्या साठेबाजीने जानेवारी १९८०मध्ये पन्नास डॉलरच्या जवळ पोचली, आणि जगभर पिढ्यान्‌पिढ्यांची भांडी भट्टीत गेली. मार्च संपेपर्यंत भाव कोसळला होता, पण आटलेली भांडी काही परत येणार नव्हती. त्याच १९८० साली इंदूरच्या माणिकबाग महालातल्या वस्तूंचा मोनाकोत लिलाव झाला. यशवंतराव होळकर दुसरे यांनी एकार्ट मुथेसियस या तरुण जर्मन वास्तुकाराकडून १९३०च्या सुमारास हा महाल बांधून घेतला होता, आणि त्याच्यासाठी पॅरिसच्या जाँ प्युइफोर्काकडून चांदीची भोजनपात्रं घडवून घेतली होती. आज महालात केंद्रीय जीएसटी आणि उत्पादन शुल्क विभागाचं कार्यालय आहे, आणि तिथल्या वस्तू बघायच्या तर परदेशी संग्रहालयांच्या प्रदर्शनांची वाट पाहायची. ग्वाल्हेरला जयविलास महालात जेवणाच्या लांब मेजावरची चांदीची आगगाडी मात्र अजून आहे त्या मेजावर, आहे त्या रुळांवर पाहता येते. वस्तू आपल्या जागी राहिली की तिचा अर्थही सोबत राहतो. इंदूरने या बाबतीत फार गमावलं आहे, आणि २०२५मध्ये किलोचा भाव दीड लाखावर गेल्यापासून घराघरांतून तेच लहान प्रमाणात पुन्हा होऊ लागेल ही भीती खरी आहे.

आता घासण्याचं. चांदीचा काळेपणा हा मळ नाही. हवेतल्या गंधकयुक्त वायूंशी, मुख्यतः हायड्रोजन सल्फाइडशी, चांदीचा संयोग होतो आणि सिल्व्हर सल्फाइडचा थर बसतो. सुरुवातीला तो फिकट पिवळा असतो, मग तपकिरी, मग जांभळट निळा, शेवटी काळा. या थरात भांड्याचीच चांदी आहे. तो खरवडून काढला की तेवढी चांदी गेली, आणि खाली उघडी पडलेली ताजी चांदी पुन्हा काळवंडायला मोकळी. म्हणून काळेपणा काढण्यापेक्षा तो धरू न देणं महत्त्वाचं.

टूथपेस्ट, राख, रांगोळी, तांब्या-पितळेची पावडर यांत चांदीहून कडक कण असतात. एका घासण्यात काही दिसत नाही, पण तिरप्या उजेडात भांडं धरलं की गोल गोल ओरखड्यांचं जाळं चमकतं. बाजारात मिळणाऱ्या, भांडं बुडवून काढायच्या द्रावणात बहुधा थायोयुरिया आणि आम्ल असतं. काळेपणा क्षणात जातो, पण आम्ल मिश्रधातूतलं तांबं खातं, पृष्ठभाग निस्तेज आणि पिवळट पडतो, आणि नक्षीच्या खोलगटातली मुद्दाम राखलेली काळी छटाही धुऊन निघते. ही छटा गेली की उठावाचं काम सपाट दिसू लागतं.

ॲल्युमिनियमची पन्नी आणि सोड्याचं गरम पाणी हा उपाय हल्ली सगळीकडे सांगतात. त्यामागचं रसायन चुकीचं नाही: सल्फाइडमधली चांदी पुन्हा धातुरूपात येते, म्हणजे कागदावर काहीच वाया जात नाही. प्रत्यक्षात ती भुसभुशीत, सच्छिद्र होऊन बसते, चमक येत नाही, आणि सच्छिद्र पृष्ठभाग आधीपेक्षा लवकर काळवंडतो. त्यात पोकळ मुठीत किंवा दुहेरी काठात सोड्याचं पाणी शिरलं तर ते महिनोन्‌महिने आतून पाझरत राहतं. साध्या, सपाट, अखंड चमच्यासाठी एखाद्या वेळी चालेल. नक्षीच्या, सोन्याचं पाणी दिलेल्या किंवा जोडाच्या भांड्याला कधीच नाही.

सगळ्यात घातक मशीनचं बफ, म्हणजे फिरत्या चाकावरचं पॉलिश. दुकानात नेलं की पाच मिनिटांत भांडं आरशासारखं होऊन येतं, आणि या पाच मिनिटांत ठशांच्या बारीक रेघा, काठांची धार आणि तळाचं टिपक्यांचं नाव, तिन्ही बोथट होतात. तळाचा आकडा बफने पुसला गेला की भांड्याचा स्वतःचा पुरावा संपला. काही जुन्या भांड्यांवर पृष्ठभागाखाली करडे-जांभळट डाग असतात. घडवताना तापवल्यामुळे आतल्या तांब्याचा ऑक्साइड झालेला असतो, तो घासून जाणार नाही, आणि जावा म्हणून घासतच राहिलं तर पत्रा पातळ होतो. तो डाग घडणीचा भाग म्हणून राहू द्यावा.

मग करायचं काय? बहुतेक वेळा नुसतं धुवायचं. कोमट पाणी, त्यात सौम्य द्रव साबणाचे दोन-तीन थेंब, मऊ सुती कापड किंवा मऊ केसांचा ब्रश. नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनचे आणि क्षारांचे ठिपके पडतात, म्हणून शेवटचं विसळणं बॅटरीत घालतात त्या डिस्टिल्ड पाण्याने. लगेच पुसायचं आणि सांध्यांत पाणी राहू नये म्हणून ड्रायरची गार हवा द्यायची. रोजच्या पूजेतलं ताम्हन कपाटातल्या ताम्हनाइतकं काळं पडत नाही, कारण ते रोज धुतलं आणि पुसलं जातं. वापरण्याजोगी वस्तू वापरात ठेवणं हेही जतनच.

काळेपणा खरोखरच फार झाला असेल तर संग्रहालयांतले संवर्धक वापरतात ती पद्धत घरीही जमते. अवक्षेपित कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे रसायनांच्या दुकानात मिळणारी अगदी बारीक खडूची भुकटी, दोन चमचे घ्यावी. डिस्टिल्ड पाणी आणि स्पिरिट सारखं घेऊन त्यात ती सायीइतकी दाट कालवावी. काडीला कापूस गुंडाळून दोन बोटं रुंद एवढीच जागा एका वेळी, वजन न देता, सरळ रेषेत पुसावी. कापूस काळा झाला की बदलावा. जुन्या कापसाने पुसत राहिलं तर ओरखडे उठतात. उंचवटे उजळले की थांबायचं, खोलगटातला काळेपणा तसाच ठेवायचा. शेवटी खडू नक्षीत अडकून पांढरा दिसतो, तो ओला असतानाच मऊ ब्रशने काढून टाकावा. हे काम वर्षातून एकदा करायचं नाही. नीट ठेवलेल्या भांड्याला ते कित्येक वर्षांत एकदा पुरतं.

महालक्ष्म्यांचे मुखवटे वेगळे सांगायला हवेत, कारण आपल्या घरांतली सगळ्यात नाजूक चांदी तीच. मुखवटा पातळ पत्र्याचा, मागून ठोकून उठवलेला. उठाव देताना पत्रा ताणला जातो, त्यामुळे जी जागा सगळ्यात उंच तीच मुळात सगळ्यात पातळ: नाकाचा शेंडा, हनुवटी, गालाचा उंचवटा. फडका आधी टेकतो तोही तिथेच. त्यामुळे जुन्या मुखवट्याचे कान आणि केसांची महिरप ठसठशीत असते आणि नाक गुळगुळीत. परीक्षा सोपी आहे. अंधाऱ्या खोलीत मुखवट्याच्या आतून टॉर्च लावावा आणि पुढून बघावं. सुईच्या टोकाएवढ्या ठिकाणांहून उजेड आला तर पत्रा संपत आला आहे. त्या मुखवट्याला पुन्हा कधीही पॉलिश नाही.

भोक पडलं की लोक ते जवळच्या दुकानात बुजवून आणतात, आणि तिथे बरेचदा कथील-शिशाचा डाख (सांधा जोडायचा धातू) लावला जातो, कारण तो कमी उष्णतेत वितळतो. करडा, मऊ, नखाने ओरखडा उठणारा ठिपका आतल्या बाजूला दिसला तर हाच डाख. पुढे कधी दुसऱ्या दुरुस्तीसाठी तो मुखवटा चांदीच्या डाखाच्या तापमानाला नेला की शिसं चांदीत मिसळत पत्रा खातं आणि लहान भोकाचं भगदाड होतं. त्यामुळे दुरुस्तीला देताना आधीचा डाख आवर्जून दाखवावा. अशा मुखवट्याला उष्णता न देता, आतून जपानी कागद किंवा विरळ कापड पॅरालॉइड बी-७२ या रेझिनने चिकटवून आधार देता येतो. हे रेझिन ॲसिटोनने पुन्हा काढता येतं, त्यामुळे उद्या कुणाला अधिक चांगला उपाय सापडला तर वाट मोकळी राहते. काम संवर्धकाचं आहे, सोनाराचं नाही. वडोदऱ्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात १९५२पासून संग्रहालयशास्त्राचा विभाग आहे. आपल्या भागातल्या लोकांनी अशा ठिकाणी चौकशी करावी.

सणानंतर मुखवट्याच्या घडीत अडकलेलं हळद-कुंकू आधी कोरड्या मऊ ब्रशने झाडावं, पाणी नंतर. उरलेलं बांबूच्या काडीला कापूस लावून स्पिरिटने निघतं, पण डोळे आणि भिवया रंगवलेल्या असतील तर स्पिरिट तिथे लागू देऊ नये, रंग उतरतो. सुई, टाचणी, ब्लेड अजिबात नको. अभिषेकाच्या भांड्यांना पंचामृत रात्रभर राहू देऊ नये, दह्याचं आम्ल चांदीत मिसळलेल्या तांब्यावर हिरवे डाग पाडतं. मीठ त्याहून वाईट. ते चांदीला टोचे पाडतं. विलायती मीठदाण्यांना आतून सोन्याचं पाणी देत ते यासाठीच. निरांजनातलं थिजलेलं तूप कोमट पाण्याने सोडवावं, सुरीने नाही.

चांदीचा पत्रा लाकडावर मढवलेल्या वस्तूंना, म्हणजे देव्हारा, चवरीची दांडी, चोपदाराची छडी, यांना पाण्यात बुडवणं वर्ज्य. पावसाळ्यात लाकूड फुगतं, उन्हाळ्यात आकसतं, पत्रा खिळ्यांपाशी फाटतो. जुन्या चांदीच्या चुका, म्हणजे बारीक खिळे, पडल्या की जागी लोखंडी खिळे ठोकलेले दिसतात. ते गंजून लाकूड आणि पत्रा दोन्ही डागाळतात. घंटेची मूठ किंवा सुरीची मूठ हाताला जड आणि ठोकल्यावर बद्द वाजली तर आत राळ भरलेली असते, तिला गरम पाणी लागलं तर राळ फुगून सांधा उघडते.

ठेवायची जागा. भाद्रपदात इंदूरच्या हवेत ओल भरपूर, आणि ओल असली की काळवंडणं वेगाने होतं. लाकडी किंवा प्लायच्या कपाटापेक्षा रंग पूर्ण वाळलेलं लोखंडी कपाट बरं. वर्तमानपत्र, लोकर, फेल्ट, मखमल, चामडं, पुठ्ठा यांचा स्पर्श नको. रबरबँड तर मुळीच नको. रबरातल्या गंधकाने चमच्यांच्या जुडीवर उमटलेली काळी रेघ बरेचदा धातूत खोल उतरते आणि जन्मभर जात नाही. धुऊन खळ काढलेल्या मलमलीत गुंडाळून पॉलिथिनच्या झिपच्या पिशवीत ठेवावं, पीव्हीसीची पिशवी टाळावी. डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात, भांड्याला न चिकटणाऱ्या, आणि रंग बदलला की ओव्हनमध्ये सुमारे ११० अंशांवर सुकवून पुन्हा वापराव्यात. कपाट चांगलं की वाईट हे ओळखायला घासून लखलखीत केलेला चांदीचा एक लहान तुकडा प्रत्येक खणात ठेवावा. महिन्याभरात जो काळा पडेल, त्या खणातलं लाकूड, रंग किंवा कापड दोषी.

घरात आलेली वस्तू चांदीची आहे का, हे पाहायला कानस मारू देऊ नये. घनतेची परीक्षा स्वयंपाकाच्या काट्यावर होते. आधी वस्तू कोरडी तोलायची. मग काट्यावर पाण्याचं पातेलं ठेवून आकडा शून्य करायचा, वस्तू दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडवून लोंबकळत धरायची, तळाला टेकू द्यायची नाही. काटा जो आकडा दाखवील त्याने कोरडं वजन भागायचं. रुपयाच्या कसाची चांदी १०.३च्या आसपास येते; ४९० ग्रॅमचं ताम्हन ४७-४८ दाखवील. पितळ किंवा जर्मन सिल्व्हर साडेआठच्या जवळ येतं, म्हणजे त्याच वजनाला काटा ५७-५८ दाखवतो. जर्मन सिल्व्हरमध्ये चांदी नसतेच, ते तांबं, निकेल आणि जस्त. आत हवेचे बुडबुडे अडकले किंवा वस्तू राळेने भरलेली असली तर हिशेब चुकतो. त्याहून अचूक हवं असेल तर हॉलमार्किंग केंद्रात क्ष-किरणांच्या यंत्रावर, धातू न कापता, कस कळतो. मात्र ते यंत्र वरच्या थराचंच वाचन करतं, त्यामुळे मुलामा दिलेली वस्तू खोटी साक्ष देऊ शकते.

शिक्क्यांबद्दल थोडंच. विलायती चांदीवर चालता सिंह म्हणजे ९२.५ टक्के, बिबट्याचं डोकं लंडनचं, जहाजाचा नांगर बर्मिंगहॅमचा, सोबतचं अक्षर वर्ष सांगतं. हिंदुस्थानात इंग्रजी काळात असा सक्तीचा शिक्का नव्हता, फक्त दुकानांचे ठसे होते: कलकत्त्याची हॅमिल्टन, मद्रासची ऑर, भुजचे ओमरशी मावजी. आपल्या घरातल्या बहुतेक भांड्यांवर यांतलं काहीच नसतं, आणि त्यामुळे ती कमी दर्जाची ठरत नाहीत.

कायद्याची बाजू स्पष्ट आहे. १९७२च्या पुरावशेष व कलानिधी अधिनियमानुसार शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही, आणि अशा वस्तूंचा व्यापार करायला परवाना लागतो. घरी बाळगायला बंदी नाही. धातूच्या शंभरीपार मूर्तींची मात्र नोंदणी अधिकाऱ्याकडे नोंद करावी लागते. परदेशी स्थायिक झालेल्या मुलांना आजीचं पानदान भेट म्हणून देण्याआधी हे माहीत असावं.

आणि सगळ्यात स्वस्त जतन म्हणजे नोंदवही. प्रत्येक वस्तूला एक पान: वजन ग्रॅममध्ये, उंची, तोंडाचा आणि तळाचा व्यास, कोरलेला मजकूर जसाच्या तसा, डाख आणि पोचे कुठे आहेत, कोणत्या पूजेला किंवा कुठल्या नैवेद्याला ती निघते, कुणाच्या लग्नात आली. फोटो चार: समोरून, बाजूने, तळ, आणि एका बाजूने तिरपा उजेड टाकून नक्षीचा, प्रत्येकात पट्टी ठेवलेली. वस्तूवर नंबर लिहायचाच तर आधी पॅरालॉइडचा थर, त्यावर शाई; चिकटपट्टी लावू नये, तिच्या गोंदाने डाग पडतो. नाहीतर सुती दोऱ्याने चिठ्ठी बांधावी. दर पाच वर्षांनी वजन पुन्हा करून त्याच पानावर लिहावं, म्हणजे घट किती होते ते घरालाच दिसेल. वाटण्या होताना संच फुटतात, पळी पुण्याला जाते आणि पंचपात्री इंदुरात राहते. तेव्हा वहीची प्रत दोन्ही घरांत असावी, आणि कुठली वस्तू कुणाकडे गेली ते त्याच दिवशी, वाटणी करणाऱ्यांच्या समोर, त्या त्या पानावर लिहून घ्यावं.